फर्मिनचा अर्धा सूर

निकासिओ केल्काने पन्नास वर्षं बासरी फुंकली, पण एकट्याने एकही गाणं पुरं वाजवलं नाही. सरोवराकाठच्या त्या गावातल्या बासऱ्याच तशा. बोरूच्या नळ्या ओळीने बांधलेल्या आणि सुरांची वाटणी दोन बासऱ्यांत, इरा आणि आर्का. इरावाल्याने पुढे जायचं, त्याने सोडलेली जागा आर्कावाल्याने भरायची. इरा निकासिओचा, आर्का फर्मिन तिकोनाचा.

फर्मिन दर वर्षी म्हणायचा, "अरे, पोरं धरू या शिकायला. आपण काय दगडाचे आहोत?"

"आधी त्यांचे ओठ तयार होऊ देत," निकासिओ म्हणायचा. कोणाचेच ओठ त्याला तयार वाटले नाहीत. फर्मिनची पुतणी योलांडा आली तेव्हा तर तो चारचौघांत हसला. "गरम बटाट्यावर फुंकर घाल, पोरी. हे बाईमाणसाचं काम नाही." फर्मिन खाली बघत राहिला. योलांडा शहरात गेली आणि तिथे तिने गावोगावच्या मुली जमवून बासरीचा ताफा उभा केला. गावातला ताफा मात्र विरत गेला. यंदा बटाटे काढायच्या दिवसांत फर्मिनही वारला.

गावात मानतात, मेलेलं माणूस नोव्हेंबरच्या एक तारखेला भरदुपारी घरी येतं आणि दुसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्याला परत निघतं. त्याला निरोपाचं गाणं वाजवून वाटेला लावायचं असतं. ते गाणं येणारा आता एकटा निकासिओ उरला होता.

दोन तारखेला सकाळी फर्मिनच्या कबरीवर पावाच्या बाहुल्या, उकडलेले बटाटे, कोकाची पानं मांडली होती. फर्मिनच्या बायकोने, साबिनाने, त्याचा आर्का फडक्यात गुंडाळून आणला होता. निकासिओने तो उचलून शहरातून आलेल्या योलांडासमोर धरला. त्याची मान वर होत नव्हती.

"माझे ओठ बटाट्यासाठी ना, ताता?" वडीलधाऱ्याला हाक मारायची तशी तिने मारली.

"बोललो खरा तेव्हा."

"मला येत नाही हे गाणं."

"काकाने नाही शिकवलं?"

"तुम्हाला विचारल्याशिवाय तो शिकवणार होता होय!"

साबिना खेकसली, "भांडा मागाहून! सूर्य बघा कुठे आलाय. तो काय तुमच्यासाठी थांबणार आहे?"

सूर मोकळा व्हावा म्हणून योलांडाने नळ्यांत थोडी दारू ओतून त्या भिजवल्या. निकासिओ आपला सूर फुंकायचा आणि पुढची नळी तिला बोटाने दाखवायचा. "ती नव्हे, शेजारची." ती अडखळायची, परत धरायची. तिसरी ओळ चालू असताना देवळाची घंटा झाली.

बारा.

साबिनाने शाल तोंडावर ओढली. लोक कबरीवरचं खाणं वाटून घेऊ लागले. फर्मिन अर्ध्या गाण्यावर निघून गेला होता.

योलांडाने आर्का पुढे केला. निकासिओने तो घेतला नाही.

"पहिल्यापासून घे."

"आता कोणासाठी, ताता? काका गेला."

"मी जाईन तेव्हा मला लागेल ते."

"मग तुमचा इरा कोण वाजवणार?"

"तुझ्या मुलींतली आण एखादी," तो हळूच म्हणाला. "ओठ कसेही असू देत."

मग त्याने आपला पहिला सूर फुंकला आणि सवयीने डावीकडे पाहिलं, फर्मिन उभा राहायचा तिकडे.