इन्सुलिनसाठी लावलेला प्रसाद

फार्मसीच्या मुलांना मी पुराव्यावर आधारित उपचार शिकवतो. पहिल्याच तासाला सांगतो, प्रश्न असा विचारा की उत्तर ‘नाही’सुद्धा येऊ शकेल. उत्तर आधी ठरवून शोधायला बसलात, तर हवं ते सापडतंच.

यंदा बाबांची साखर गोळ्यांनी उतरेना. पायाची जखमही भरत नव्हती. डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं. डिचोलीच्या खाणींवर ट्रक चालवून बाबांनी मला शिकवलं. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. त्यांच्याशी वाद घालायला माझी जीभ रेटत नाही. ते म्हणाले, “देवाक इचारल्याबिगर सुई नाय.”

म्हणून कोरगावच्या देवळात प्रसाद लावायचं ठरलं. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतात; उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. नकार आला असता तर बाबांनी जन्मात सुई घेतली नसती. मी भटजींना बाजूला घेतलं. म्हटलं, “घ्यावी की नको, असं नका विचारू. आज सुरू करावी की सोमवारी, एवढंच विचारा.”

भटजी हसले. “म्हणजे देवाला पळायला वाटच ठेवली नाही, मास्तर!”

पण गाऱ्हाणं त्यांनी तसंच घातलं. मागे बाबा हात जोडून उभे होते. डावी पाकळी पडली. म्हणजे सोमवार.

परतताना स्कूटरवर मागे बसलेले बाबा माझ्या कानाशी वाकले. मग म्हणाले, “भटाक तू शिकयलंस मां?”

मी स्कूटरचा वेग कमी केला.

“देवाक फसयलंस, तां देव बघून घेतलो. माका कित्याक फसयलंस? माका इचारुचा तरी व्हता.”

खरंच विचारलं नव्हतं. वर्गात मी स्वतः रुग्णाचं सोंग घेतो, चिडतो, औषध नाकारतो, आणि न वैतागता माझी शंका काढून घेणाऱ्या मुलालाच पूर्ण गुण देतो. बाबांशी मात्र एक वाक्यही बोललो नव्हतो. त्यांना काय कळणार, असं धरून चाललो होतो. ज्यांच्या घामावर मी ‘सर’ झालो, त्यांच्याबद्दल.

घरी पोचल्यावर समोर बसून सांगू लागलो, तर पहिल्याच वाक्यात तीन इंग्रजी शब्द आले. लाजून थांबलो आणि विचारलं, “बाबा, तुम्हांला भय कसलं वाटतं?”

“खाणीवरचे आमचे दोघे सुई लागल्यार गेले. सुई म्हणजे शेवट. खरा काय?”

एवढीच शंका होती. मी म्हटलं, नीट घेतली तर सुईमुळे कुणी जात नाही. पुष्कळांना ती फार उशिरा मिळते. ते ऐकत राहिले.

“ह्या आधी सांगलं असतंस तर देवाक तरास तरी पडलो नसतो,” म्हणाले.

सोमवारी मी सुई भरून त्यांच्याजवळ गेलो. त्यांनी माझा हात बाजूला केला.

“तू नको. माका दाखय. मीच घेतंय.”

मी दाखवलं. त्यांच्या तोंडाकडे बघायचा धीर मात्र झाला नाही.