लेपाच्या गोळ्या, काळ्या नळ्या

बंदूक दुरुस्तीच्या दुकानात दोन गोष्टी साचत जातात. नळीतली काजळी आणि गिऱ्हाइकांचे किस्से. काजळी तेलानं निघते. किस्से मात्र कोल्हापुरातल्या आमच्या दुकानात आजोबांपासून साचलेत.

हल्ली लेप दिलेल्या गोळ्या आल्यात. वरून कोटिंग असतं, म्हणून नळी कमी घाण होते. मुरगूडचे रंगराव मात्र "घाण होतच न्हाय" असं ऐकून गेले. पीक राखायला त्यांच्याकडं जुनी शिकारी रायफल आहे, रीतसर लायसन्सची. वर्षभर साफ न करता आणली. मी नळीतनं पांढरं फडकं फिरवलं, ते तव्याच्या बुडासारखं झालं.

रंगरावांनी फडकं उलटंपालटं करून बघितलं. मग म्हणाले, "ही घाण आधीच्या मालकाची असणार."

आधीचे मालक म्हणजे त्यांचे वडील. ते शेजारच्याच खुर्चीत बसले होते.

पेठ वडगावचे अण्णा याच्या उलटे. किराणा दुकानदार, स्वच्छतेचे भारी. तांब्याचं आवरण असलेली गोळी नळीत तांबं सोडते, हे मीच त्यांना सांगितलेलं. एक दिवस पडलेल्या चेहऱ्यानं आले. नळीला चिंच-मीठ लावून ठेवलं होतं.

"घरची घागर लख्ख निघती की त्यानं."

"अण्णा, घागर तांब्याची. नळी पोलादाची."

मामांनी दिलेली रायफल होती ती, त्यांच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. मी ब्रश फिरवून आत टॉर्च मारला. गंज वरवरचा होता, गोळीला फिरकी देणारे आतले आटे शाबूत. अण्णांनी अख्ख्या गल्लीला चहा पाजला.

नेमबाजी क्लबातले आमचे वकीलसाहेब निराळेच. तेल लावलेल्या नळीतनं पहिली गोळी भरकटतेच. ती भरकटली की ते शांतपणे म्हणतात, "पहिला साक्षीदार फुटला."

कोडोलीच्या संभाजीचा किस्सा मात्र हसण्यावारी न्यायचा नाही. उसात रानडुकरं घुसली म्हणून तो भरदुपारी रायफल साफ करून निघाला. दारातच बायकोनं, सुरेखानं, अडवलं.

"अवो, नळी पुसायला माझ्या जुन्या साडीची चिंधी घेतलीसा, ती कुठं हाय?"

"पडली असंल कुठंतरी."

"अंगणात न्हाय, मोरीत न्हाय. आधी चिंधी दावा, मग जावा."

संभाजी चिडला, पण तिच्यापुढं काही चालेना. नळी मागून बंद करणारा बोल्ट काढून त्यानं नळीतनं आभाळाकडं बघितलं. आभाळ दिसेना.

तसाच मोटरसायकलवरनं माझ्याकडं आला. मी सळईनं चिंधी ढकलून काढली. हिरवी, घट्ट बसलेली.

"बार काढला असतास तर नळी तोंडावर फुटली असती," मी म्हणालो.

त्यानं चिंधीची घडी घालून खिशात ठेवली, दाराबाहेर गेला आणि सुरेखाला फोन लावला. फोन कानाला धरून खिशातली चिंधी चाचपत उभा होता. तिकडनं ती हॅलो हॅलो करत असावी.

शेवटी म्हणाला, "काय न्हाय गं. तू जेवलीस का?"