आत्या इन्व्हर्नेसला, पाळणा हॅरोला

आमची नातसून अक्षया लग्न होऊन विलायतेतल्या, हॅरोच्या या घरात आली तेव्हा तिच्या बॅगेत साड्या चार आणि वायरी अकरा होत्या. मी मोजल्या. शाळा चौथीपर्यंतच झाली माझी, पण मोजण्यापुरती पुरली.

मुलगी नागपूरची. ब्रॅकनेलच्या एका ऑफिसात नेटवर्क सांभाळते. म्हणजे काय गं करतेस, विचारलं तर म्हणाली, "आजी, यंत्रं एकमेकांशी बोलेनाशी झाली की मी त्यांचं जुळवून देते." मी म्हटलं, म्हणजे आमच्या धाकट्या जाऊबाईंचंच काम, फक्त उलट्या बाजूने.

हिचं एक वेगळंच आहे. काही बिघडलं की माणसं चिडतात, ही खुलते. जानेवारीत बॉयलर बंद पडला, आम्ही सगळे स्वेटरवर स्वेटर चढवतोय, आणि ही तोंडात टॉर्च धरून गुणगुणतेय. बाळंतपणाच्या वेळी हॉस्पिटलचं मशीन टूंटूं करायला लागलं, तर कळा देता देता नर्सला म्हणे, त्याची पिन सैल झालीय. खरंच झाली होती.

मुलगी झाली. बारसं चाळिसाव्या दिवशी, रविवारी ठरलं. आमच्या घरची रीत अशी की नाव आत्याने ठरवायचं, कुणाला कळू द्यायचं नाही आणि पहिल्यांदा बाळाच्याच कानात सांगायचं. आत्या म्हणजे माझी नात तनया, अक्षयाच्या नवऱ्याची, आमच्या सुयशची बहीण. पार उत्तरेला, इन्व्हर्नेसला जनावरांची डॉक्टर आहे. ती आपल्याच कुत्र्याला अडखळून पडली आणि पायाला प्लास्टर घालून बसली. इकडे कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, जन्म नोंदवायची मुदत बेचाळीस दिवस. सोमवारी सकाळची अपॉइंटमेंट. म्हणजे रविवारी नाव कळलं नाही तर सोमवारी कौन्सिलच्या बाईंसमोर आम्ही काय लिहिणार, चिमणी?

"आत्याला टीव्हीवर आणू," अक्षया म्हणाली.

पाहुणे चाळीस, म्हणून पाळणा मागच्या बागखोलीत. तिथे वायफाय पोचत नाही. मोबाईलला रेंज म्हणाल तर फक्त वरच्या बाथरूमच्या खिडकीत. बाळाचं नाव काय तिथे बसून ठेवायचं? मग अक्षयाने कपाटातले तीन जुने राउटर काढले. "यांची अक्कल काढून घेतली, आजी. आता हे नुसते पूल. इकडचं तिकडे पोचवायचं, बास." एक हॉलमध्ये, एक स्वयंपाकघरात, एक बागखोलीत टीव्हीपाशी. तिघांना वायरींनी गोलात जोडलं. एक वायर तुटली तर दुसऱ्या बाजूने जाईल म्हणून.

"आणि दोन्ही बाजूंनी गेलं तर?" मी आपलं विचारलं.

तिने मला मिठीच मारली. "हाच तर प्रश्न आहे, आजी! बारशाला बाळ पाळण्याच्या वरून-खालून फिरवतात ना, गोविंद घ्या, गोपाळ घ्या करत? समजा, कुणी त्याला पाळण्यात ठेवलंच नाही. फिरतंच राहिलं. मागून दुसरं बाळ आलं, तिसरं आलं..."

"अगं बाई!"

"तसे निरोप फिरत राहतात आणि सगळं ठप्प होतं. म्हणून हे डबे एकमेकांना चिठ्ठ्या पाठवतात, एकाला प्रमुख नेमतात आणि एक वाट बंद ठेवतात. दुसरी तुटली तरच ती उघडायची. याला म्हणतात स्पॅनिंग ट्री. झाडाला फांद्या असतात, गोल नसतो."

दोन आठवडे झाड छान चाललं. बारशाच्या दिवशी अकरा वाजता बघतो तर टीव्हीवर तनया नाही, काहीच नाही. तिन्ही डब्यांचे दिवे गणपतीतल्या माळेसारखे लुकलुकतायत. मुहूर्त बारा चाळीसपर्यंत.

अक्षयाने पैठणीचा पदर खोचला, लॅपटॉप घेतला आणि सोफ्यामागे शिरली. डोळे असे चमकायला लागले की मी ओळखलं, बाई खूश आहे.

"सगळं ऑफ-ऑन करू का?" सुयशने विचारलं.

"हात लावलास तर पोरीचं नाव सुयशा ठेवीन."

ईलिंगहून आलेले कमलाकरकाका, म्हणजे आमच्या ह्यांचे जुने मित्र, सल्ला द्यायला पुढे सरसावले. "आमच्याकडे एकच डबा. कधी त्रास नाही."

"काका, तुमच्याकडे टीव्हीही एकच आहे, आणि तो काकू बघतात," सोफ्यामागून आवाज आला.

बायका हसल्या. बाळ माझ्या मांडीवर मूठ चोखत होतं. साडेअकरा झाले, बारा झाले.

"गंमत बघा," अक्षया म्हणाली. "हॉलवाला आणि स्वयंपाकघरवाला, दोघांचं जुळतंय. पण बागखोलीवाला चिठ्ठी पाठवत नाही, आली तर पुढे देत नाही, गिळतो. त्या दोघांना वाटतं पलीकडे कुणी नाहीच, म्हणून दोघांनी आपापली वाट उघडी टाकलीय आणि निरोप गोल गोल फिरतायत." तिने बागखोलीची एक वायर उपटली. दिवे शांत झाले. तनया तरीही येईना.

ती त्या डब्यापाशी मांडी घालून बसली. "हा स्वतःला घरमालक समजून नवे पत्ते वाटत सुटलाय! आणि हे काय? स्टिकरवरचा पासवर्ड चालला? मी तर बदलला होता." तिने डबा उलटा करून मागची बाजू बघितली. "याला कुणीतरी दुकानातून आणला तसा कोरा केलाय. पण त्यासाठी मागच्या बारीक भोकात टोकदार काहीतरी दहा सेकंद दाबून धरावं लागतं. आपल्या घरात असं कोण करेल?"

सकाळी नऊ वाजता समई घासली, निरांजनं घासली, मग म्हटलं या डब्यांवरची धूळही पुसावी. एका भोकात धूळ अडकलेली. अगरबत्तीच्या काडीने कोरून कोरून काढली. चांगली दाबून.

चाळीस माणसांसमोर मी बोलले, "अक्षया, मी केलं गं. स्वच्छ केलं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग जी हसायला लागली ती जमिनीवर आडवीच झाली. "आजी! ऑफिसात अशी सफाई कुणी केली असती तर आम्ही आठवडाभर शोधत बसलो असतो!"

मग बोटं अशी चालली, जणू शेवया वळतेय. डब्याची अक्कल परत काढली, झाडाचा नियम लावला, उपटलेली वायर पुन्हा जोडली. "राहू दे ना आता," सुयश म्हणाला. "अर्धं काम मी ब्रॅकनेललाही करत नाही," ती म्हणाली. बारा बत्तीसला टीव्हीवर तनया अवतरली, प्लास्टरसकट, कुत्र्यासकट. सुयशने तिला आधी माझी सफाईच सांगून टाकली.

बाळ पाळण्याभोवती फिरलं. वरून, खालून, आणि शेवटी पाळण्यात ठेवलंही. मी तिला उचलून तिचा कान टीव्हीच्या स्पीकरशी नेला. बारा एकोणचाळीस. तनया पुढे वाकली. "हिचं नाव..."

आणि कमलाकरकाका नीट दिसावं म्हणून एक पाऊल सरकले ते वायरीत. वायर सुटली. तनया तोंड उघडं ठेवून गोठली.

"कुणी हलू नका!" अक्षयाने हात वर केला. "दुसरी वाट उघडेल. तीस सेकंद लागतात. मोजा!"

चाळीस माणसं मोजायला लागली. एक, दोन, तीन. वीसपर्यंत इथे वाढलेली पोरंही मराठी आकड्यांत जोरात होती, पंचविसाला निम्मी गळाली, एकोणतीसला तर सगळीच एकमेकांची तोंडं बघायला लागली. मी एकटीच ओरडले, "एकोणतीस! तीस!"

तनयाचं तोंड हललं. "...कस्तुरी!"

कुर्रर्र! असा काही गलका झाला की बाळ दचकायचं सोडून हसलं. अक्षया तर उड्या मारत होती. "उघडली! वाट उघडली!" पोरीच्या नावाचा आनंद मोठा की वाटेचा, मी विचारलं नाही.

मग काकू म्हणाल्या, "अहो, पण आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. आत्या तर इन्व्हर्नेसला!"

"ते जिने डबा कोरला तिच्या पाठीत घाला!" टीव्हीतून तनया ओरडली.

चाळीस जणांनी माझ्याकडे बघितलं. मी कस्तुरीला तिच्या आईकडे दिलं आणि मुकाट्याने पाठ वळवली.