दोन अर्ज

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आमची वहिनी आठव्या महिन्यात पैनगंगेपलीकडं गेली. पलीकडं म्हणजे महाराष्ट्र. आमच्या भीमपूरहून तासाभराचंही अंतर नाही, पण सरकार दुसरं.

तिथल्या सरकारी दवाखान्यात मुलगी झाली. वजन थोडं कमी. बारशाआधी सासरच्यांनी जायचं नाही, त्यामुळं टोपडं शिवून ठेवलं आणि मी फोनवरच आत्या झाले.

पाचव्या दिवशी दुपारी वहिनीचा फोन आला. "बाई, पोरगी दूध ओढत नाही. नुसती झोपून राह्यली."

"आशाताई येऊन गेली का?"

"इथली म्हनते, तुमचं नाव तिकडच्या यादीत. तिकडची म्हनते, नदीपलीकडं मी कशी येऊ. तुमीच पत्रकात छापलं ना, आशा घरी येते म्हनून? मंग कोनती?"

आमच्या महिला मंडळाची पत्रकं मीच लिहिते, ते वाक्य माझंच. आशानं घरी येऊन बाळ तपासणं हा तुमचा हक्क आहे, ठळक अक्षरांत. मला संताप आला, आणि त्या संतापात मी म्हणाले, "तू थांब. कशी येत नाही ते बघतेच."

दोन अर्ज लिहिले, इकडं तेलुगूत, तिकडं मराठीत. दोन साहेबांना फोनवर खडसावलं. अर्ज मला चांगले जमतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथली आशाताई दारात हजर.

तिनं बाळाचे तळपाय हातात धरले. थंड होते. "काऊन थांबल्या? कालच न्यायचं होतं हिला." गाडी जिल्ह्याच्या दवाखान्यात पोचायच्या आत बाळ गेलं.

दोन राज्यांच्या दोन याद्या, आणि एका लेकराला दोन्हींत जागा नाही. याचा राग मला अजून आहे, तो जाणार नाही. पण आदल्या दुपारी वहिनीचा भाऊ घरी होता, त्याचा ऑटो दारात उभा होता, आणि थांब म्हणणारी मी होते.

दोन्ही अर्जांना उत्तर आलं: गृहभेट झाली, तक्रार निकाली.

वहिनी एकदाच बोलली, ज्वारी निवडताना. "तुमी जा म्हनल्या असत्या, तर मी गेली असती." आणि पुन्हा सुपात बघायला लागली.

नव्या पत्रकाची पहिली ओळ मी बदलली. बाळ दूध ओढत नसेल तर कोणाचीही वाट पाहू नका, उचला आणि दवाखाना गाठा. हक्काचं वाक्य खाली गेलं. वहिनी माहेरी निघाली की पिशवीत त्या पत्रकांचा गठ्ठा घालून नेते. टोपड्याचं काय केलं, ते तिनं विचारलेलं नाही.