साहेबाच्या पाखराच्या पोटात

खाजा मियाची वही साहेबाच्या हातात मीच दिली. वर छाती फुगवून म्हणालो, "बघा साहेब, आमच्या डोंगरकड्यातबी विद्वान हायेत!" हिंगोलीच्या शाळेत सात इयत्ता काढल्या की दुसऱ्याची वस्तू मिरवायचा हक्क मिळतो, असा माझा समज होता.

खाजा मिया डोंगरकडा गावचा पिंजारी. खांद्यावर कापूस पिंजायची धनुकली टाकून गावोगाव गाद्या भरायला जायचा आणि जाता-येता पाखरं बघायचा. कुठलं पाखरू काय खातं, घरटं कशाचं बांधतं, अंडी किती घालतं, सगळं अकरा वर्षांचं त्या वहीत, उर्दूत. मेलेलं पाखरू सापडलं तर कातडं सोलून आत कापूस भरायचा, असा, की त्याची बायको जैनबबी चुलीपासून त्याला "हुश्श!" करायची.

साहेब तालुक्याचा अंमलदार. आठ दिवसांत वही परत देतो म्हणाला. दोन वर्षांनी, १९४० साली, साहेबाच्या नावानं इंग्रजीत पुस्तक छापून आलं. टिटवीच्या पानावर लिहिलं होतं, 'आज बायकोला कळा सुरू झाल्या, म्हणून अंडी मोजायची राहिली.' साहेबाचं अजून लग्न व्हायचं होतं.

मी शाळेतल्या इंग्रजीवर वाचून दाखवलं. खाजा मियानं एवढंच विचारलं, "माझं नाव कुठं हाये?"

"न्हाई, चाचा."

"जैनबच्या कळाबी घेतल्या त्यानं," तो म्हणाला आणि धनुकली अशी छेडली की माझे दात वाजले.

चार महिन्यांनी साहेब स्वतःच दारात. हैदराबादेत विद्वानांची बैठक होती, तिथं मांडायला कुणी न पाहिलेलं पाखरू पाहिजे होतं. मला वाटलं, आता साहेबाच्या डोक्यात दांडकं बसतंय. पण चाचा गोड हसला. "बराबर, साहेब. पंधरा रोज द्या."

पंधरा दिवस तो टाके घालत होता. धड तितराचं, डोकं तांबटाचं, शेपूट कोतवालाचं.

"चाचा, हे काय करून राहिले तुमी?"

"गादीची आतली शिवण कधी दिसली का तुला?"

"न्हाई."

"मंग गप बस, गोप्या."

साहेबानं पाखरू बघितलं, डोळे पाणावले, आणि जागच्या जागी त्याला स्वतःचं नाव दिलं. मी मान खाली घालून हसू गिळलं.

पुढचं साहेबाच्या शिपायानं सांगितलं. भरल्या बैठकीत एका म्हाताऱ्या विद्वानानं चष्मा पुसला, मानेवरून बोट फिरवलं आणि चाकू मागितला. पोटातल्या कापसातून चिठ्ठी निघाली. त्यानं ती मोठ्यानं वाचली, 'हे तीन पाखरांचं एक केलंय. टाके खाजा मिया पिंजाऱ्याचे, डोंगरकडा. साहेबाच्या पुस्तकातली पाखरंबी माझीच. वही परत करा.'

हसण्यानं छत हललं म्हणे. साहेबाची बदली लांब झाली, पुस्तक दुकानांतून उठलं. पण जाताना त्यानं वही बंबात घातली. हे ऐकून चाचा दिवसभर पिंजत राहिला. संध्याकाळी म्हणाला, "त्याचं झालं. आता तुझं."

माझी सजा अशी : त्यानं सांगायचं, मी लिहायचं. अठ्ठेचाळीस सालापर्यंत, सवड मिळेल तसं, दोनशे अकरा पाखरं माझ्याच हातानं पुन्हा वहीत बसली. पहिल्या पानावर त्याचं नाव चार वेळा गिरवून घेतलं. मग त्यानं सांगणं थांबवलं.

"आन टिटवी, चाचा?"

"ती तुझ्याकडं बाकी. जा, अंडी मोजून ये."

यंदाही उन्हाळ्यात माळावर गेलो. टिटवी डोक्यावर ओरडत आली, जखमी असल्याचं सोंग करून पाय ओढत लांब नाल्यापर्यंत घेऊन गेली आणि उडाली. मागे वळलो तर घरटं कुठल्या खड्यांत होतं तेच कळेना. वहीत टिटवीचं पान अजून कोरं आहे.