कोपर, क्लेम आणि ‘बरं आहे’

अपघाताचे किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. औषधांच्या डब्यातल्या अर्ध्या स्ट्रिप्ससारखे ते आपोआप साठत जातात.

गेल्या महिन्यात मात्र एका विचारानं माझी झोप उडवली होती. आमच्या क्लेमची लोकअदालतीतली तारीख नेमकी शाळेच्या सुट्टीत आली. सासूबाई लग्नाला कणकवलीला गेलेल्या, नवऱ्याला रजा नाही. म्हणजे पहिलीतल्या इराला माझ्याबरोबर कोर्टात न्यावं लागणार! आणि तिथं ती सगळ्यांसमोर म्हणाली, “आई घरी आरशासमोर दुखण्याची प्रॅक्टिस करते,” तर?

करत होतेच ना मी प्रॅक्टिस! पण का, ते आधी सांगते.

दीड वर्षापूर्वी वाकोल्याला एका कारनं आमच्या रिक्षाला बाजूनं ठोकलं. इरा माझ्या मांडीवर होती, तिला ओरखडाही नाही. माझ्या उजव्या कोपराची मात्र वाट लागली. आत प्लेट बसली, तरी हात सरळ होत नाही, जड काही उचलवत नाही. दुसरं ऑपरेशन करायचं तर कारच्या इन्शुरन्स कंपनीकडून भरपाई मिळायला हवी.

आणि भरपाई मिळायची तर आपल्याला दुखतंय हे आपणच सांगायला हवं. घोडं तिथंच अडलं.

*

कार चालवणारा मुलगा कॉलेजातला असेल. उतरला तो थरथरतच. मी डाव्या हातानं त्याला इराची वॉटरबॅग दिली आणि म्हटलं, “पाणी पी रे. घाबरू नकोस, मी ठीक आहे.”

आमच्या वकील ग्रेसी मॅडम वाकोल्याच्याच, जुन्या गावठाणातल्या. हे ऐकून त्यांनी चष्माच काढला. “अख्ख्या वाकोल्यासमोर तू ठीक आहेस म्हणालीस? मग भरपाई काय त्या पोरासाठी मागू?”

*

पुढे कंपनीचा माणूस चौकशीला दहिसरला आमच्या घरी आला. मी फिजिओथेरपीला गेलेली. सासूबाईंनी त्याला चहा दिला, वर चकल्या दिल्या आणि अभिमानानं म्हणाल्या, “आमची सून कुरकुर म्हणून करत नाही हो! एका हातानं सगळा स्वयंपाक रेटते.”

संध्याकाळी निखिलनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, कपाळावर हात मारला. “आई, जरा तरी रडायचंस ना!”

“परक्या माणसासमोर? आपल्याकडे रडतं का कुणी?”

चकल्याही सुनेनंच तळल्या, हे सासूबाईंनी त्याला सांगितलं असणार!

*

हाताला किती अपंगत्व आलंय ते ठरवायला सरकारी हॉस्पिटलात पाठवलं. डॉक्टर म्हणाले, “हात सरळ करा.” मी शाळेत कायम पहिल्या बाकावर बसलेली मुलगी. कुणी काही करायला सांगितलं की जीव तोडून करायचं, एवढंच ठाऊक. दात-ओठ खाऊन मी हात ताणला. डोळ्यांत पाणी आलं, पण महिनाभर गेला नव्हता एवढा तो सरळ गेला. मी शाबासकीसाठी डॉक्टरांकडे पाहिलं.

“मॅडम,” ते म्हणाले, “ही स्पर्धा नाहीये. दुखायला लागलं की थांबायचं असतं.”

घरी निखिल म्हणाला, “आयुष्यात एकदाच नापास व्हायचं होतं यार! तिथंही फर्स्ट क्लास?”

*

कोर्टाच्या पहिल्या तारखेला मी इस्त्रीची कॉटन साडी नेसले, मॅचिंग कानातलं घातलं. बाहेर बाकावर कुणाच्या पायात रॉड, कुणाच्या काखेत कुबड्या. शेजारच्या मालवणी काकांनी विचारलं, “माझो खुबो मोडलो. तुझा काय गो?”

“कोपर.”

“इतक्याच?”

मला तर सॉरीच म्हणावंसं वाटलं. माझं नाव पुकारलं तसं त्यांनी मला नीट न्याहाळलं. “तोंड जरा पाड गो! लग्नाक इलंस काय?”

मी तोंड पाडून आत गेले. जज मॅडमनी मायेनं विचारलं, “आता कशा आहात?”

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “बरी आहे. तुम्ही कशा आहात?”

*

बाहेर आल्यावर ग्रेसी मॅडमनी मला बाजूला घेतलं. मग म्हणाल्या, “खोटं एक अक्षर बोलायचं नाही. पण खरं तरी बोल ना बाय!”

म्हणून ती आरशासमोरची प्रॅक्टिस. “दुखतं. रोज दुखतं. केस विंचरताना दुखतं.” म्हणताना मलाच वाटायचं, खरंच एवढं दुखतं, की मीच वाढवून सांगतेय? एकदा इरा दारात उभी राहून ऐकत होती. “आई, हे गॅदरिंगचं आहे?”

आता सांगा, झोप कशी लागणार?

*

तर लोकअदालत. टेबलाच्या एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला कंपनीचे वकील, मध्ये त्याच जज मॅडम. वाटेत इराला दहा वेळा बजावलं होतं, “तिथं एक शब्द बोलायचा नाही.”

मी प्रॅक्टिसप्रमाणे सुरुवात केली. “दुखतं. म्हणजे... तसं फार नाही...”

ग्रेसी मॅडमनी डोळे मिटले.

कंपनीचे वकील माणूस गोड. “ताई तर छान दिसतायत,” ते म्हणाले आणि इराकडे वळले. “काय गं, आई उचलून घेते ना तुला?”



“नाही,” इरा म्हणाली. “मी सांगितलंय तिला, मी आता मोठी झाले.”

“बघा!” वकील हसले. “मुलगीच नको म्हणते. आणि मग सगळीकडे चालून पाय नाही दुखत तुझे?”

इरानं माझ्याकडे पाहिलं. मग टेबलावर पुढे वाकून, मला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडाशी हात धरून ती म्हणाली,

“खूप दुखतात. पण आईनं विचारलं ना, की बरं आहे म्हणायचं.”