हॉलंडचा एकुलता एक डोंगर

वाखनिंगनला रेल्वे स्टेशन नाही. आगगाडी पकडायची तर आधी बसने शेजारच्या एड गावी जावं लागतं. इथले लोक याबद्दल कुरकुर करतात, माझ्या अप्पांना मात्र ही गोष्ट फार आवडली. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून नाशिकच्या स्टँडवर त्यांची उभी हयात गेली. "बघ मित्रा," बसमध्ये बसता बसता ते म्हणाले, "रेल्वे कितीही तोरा मिरवू दे, तिच्यापर्यंत माणूस पोचवायला शेवटी बसच लागते."

माझं पूर्ण नाव संघमित्रा. वाखनिंगनच्या विद्यापीठात मी माती तपासते आणि इथली माती बहुतेक ठिकाणी तळहातासारखी सपाट आहे. अप्पा महिनाभरासाठी एकटेच आले होते. आई माझ्या थोरल्या बहिणीच्या बाळंतपणात अडकली होती. विमानतळावर त्यांना सोडून घरी गेल्यावर तिने मला गुपचूप फोन केला. "हे बघ, बाकी काही दाखव नाही तर दाखवू नको. त्यांना एकदा कशावर तरी चढव."

तिच्या बोलण्याचा अर्थ मला कळत होता. दोन वर्षांपूर्वी अप्पा स्कूटरवरून पडले, मांडीचं हाड मोडलं आणि जोडताना उजवा पाय थोडा आखूड झाला. डॉक्टरांनी जाड तळाचा बूट करून दिला, हवं तेवढं चाला म्हणून सांगितलं. पण अप्पा घरातून बाहेर पडेनात. दर बुद्धपौर्णिमेला नाशिकजवळच्या त्रिरश्मी बुद्धलेण्यांच्या पायऱ्या सगळ्यांच्या पुढे चढणारा हा माणूस आता गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जायलाही कारणं सांगायचा. लोक बघतात, हे त्यातलं खरं कारण. ते मात्र अप्पा कधी बोलले नाहीत. कुठे जायचं म्हटलं की त्यांचं एकच उत्तर: "राहू दे."

म्हणून मी बेत आखला. नेदरलँड्सच्या अगदी दक्षिणेच्या टोकाला, लिम्बुर्ख प्रांतात, फाल्स नावाचं गाव आहे. त्याच्या डोक्यावर या देशातला सर्वांत उंच डोंगर. उंची तीनशे बावीस मीटर. डच माणसं त्याला मोठ्या अभिमानाने बर्ख (डोंगर) म्हणतात. नाशिककराने ऐकलं तर त्याला हसू आवरणार नाही, पण आम्हाला तेवढा पुरणार होता.

पहिला थांबा उत्रेख्त. इथल्या मुख्य ग्राख्ताच्या (कालव्याच्या) काठी दोन मजल्यांचे रस्ते आहेत. वर सायकली आणि दुकानं, खाली पाण्यालगत जुनी तळघरं, त्यांत आता खानावळी. अप्पा वरच्या रस्त्याने चालले. खाली उतरायला पायऱ्या होत्या. समोर उंच मनोरा दिसला आणि त्याच्यापासून बराच लांब, मधे मोकळं मैदान सोडून, चर्च.

"मनोरा इथे नि देऊळ तिथे? मधलं कुठे गेलं?"

"काही शतकांपूर्वी वादळात पडलं."

"मग परत बांधलं नाही?"

"राहू दे म्हणाले असतील," मी म्हटलं.

अप्पांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. पुढे फलाटावर गाडी चार मिनिटं उशिरा असल्याची पाटी लागली, तेव्हा त्यांची कळी एकदम खुलली. त्यांचं म्हणणं, जगात कुठेही जा, कंट्रोलरच्या नशिबी शिव्याच.

दुपारी डेन बॉसला उतरलो. इथल्या मोठ्या चर्चमध्ये लग्न चाललं होतं, त्यामुळे ते बाहेरूनच पाहिलं. भिंतीच्या कमानींवर दगडी माणसं, जनावरं, राक्षस असे सगळे घोडा घोडा खेळल्यासारखे बसले आहेत. नव्याने बसवलेल्या मूर्तींत मोबाइलवर बोलणारा एक देवदूतही आहे. तो शोधायला अप्पांनी मान इतकी मागे टाकली की टोपी पडली. मग 'बॉस बोल' खाल्ला. हा क्रिकेटच्या चेंडूपेक्षा मोठा, वरून चॉकलेट आणि आत नुसती मलई असलेला गोळा असतो. काट्याने खायचा असतो. अप्पांनी हातात घेऊन खाल्ला आणि मलई मिशीला लागली ती मास्त्रिख्तपर्यंत तशीच. मीही सांगितलं नाही. आईला पाठवायला फोटो हवा होता.

गाडी दक्षिणेकडे निघाली. इतका वेळ इस्त्री फिरवल्यासारखा दिसणारा देश शेवटच्या तासाभरात जरा चुरगळायला लागला. अप्पा खिडकीला नाक लावून बसले. "तो आहे का?" प्रत्येक उंचवट्याला ते विचारत होते. नाही म्हटलं की त्यांना बरं वाटतंय की वाईट, हे कळत नव्हतं.

मास्त्रिख्त जुनं, रोमनांच्या काळापासूनचं गाव. मास नदी, तिच्यावरचा कमानींचा दगडी पूल, पिवळसर दगडाची घरं. रात्री तिथेच राहिलो. सकाळी नाश्ता करून फाल्सची बस पकडायची होती. हातात वेळ होता म्हणून एका गल्लीतल्या जुन्या चर्चमध्ये शिरलो. दार जड होतं. मी ते धरून उभी राहिले. अप्पा बाहेरच वाकून नाड्या सोडत होते.

"अप्पा, इथे बूट काढत नाहीत."

"ते काढत नसतील. आपण काढतो. लोक इथे मान खाली घालतात ना? मग बूट बाहेर."

गल्लीत कोणी नाही याची खात्री करून ते मोजे घालून आत आले. आत अंधार होता. एका कोपऱ्यात मूर्तीपुढे मेणबत्त्यांच्या रांगा जळत होत्या. "आपल्या विहारासारखंच की," ते हलक्या आवाजात म्हणाले आणि त्यांनीही एक लावली. जमीन गार दगडाची. अंधारात कोणी बघत नव्हतं, म्हणून असेल, ते अख्ख्या चर्चभर सावकाश लंगडत फिरले. दोन वर्षांत त्यांना इतकं निवांत चालताना मी पाहिलं नव्हतं.

बाहेर आलो आणि बूट नाहीत.

"इथेच स्टँडवर ठेवले होते," अप्पा म्हणाले.

"कसला स्टँड?"

"चपलांचा. लाकडी. भिंतीला लागून होता, वर कागद चिकटवलेला. मला वाटलं, नंबर असेल."

स्टँडही नव्हता. कागद तेवढा फरशीवर पडला होता. तो वाचला आणि मी कपाळावर हात मारला. इथे नको झालेल्या वस्तू लोक घरासमोर मांडून ठेवतात आणि वर 'ग्राटिस' (फुकट) असं लिहितात. ज्याला हवं त्याने न्यावं, विचारायची गरज नसते. माझी खुर्ची, दिवा आणि पुस्तकांचं कपाट असंच आलेलं आहे. कोणाच्या तरी घरातली मांडणी चर्चच्या दाराशी फुकट ठेवलेली होती, अप्पांनी तिच्यावर आपले बूट टाचा जुळवून नीट ठेवले होते आणि कोणीतरी ते स्टँडसकट उचलून नेले होते. देवळाबाहेरून चपला जाणं आपल्याला नवं नाही. पण स्टँडसकट जाणं नवंच.

मला आधी हसू आलं, मग अप्पांचा चेहरा पाहिला. मोजे घातलेले पाय ते एकमेकांवर ठेवून झाकत होते. समोरून दोन बायका आल्या तेव्हा ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले. "राहू दे," ते म्हणाले. "इथूनच परत जाऊ. काही अडलेलं नाही."

तो डोंगर त्या क्षणी हिमालयाइतका लांब गेला.

समोरच एक कॅफे होता. बाहेरच्या टेबलाशी त्यांना बसवलं आणि मी आत जाऊन मालकिणीला घडलेलं सांगितलं. पन्नाशीची, आखूड केसांची, एप्रन बांधलेली बाई. तिने मांडणी जाताना पाहिली होती. "बाकफीट्सवरून (पुढे लाकडी पेटी असलेल्या सायकलवरून) एक बाई घेऊन गेली. ओळखीची नाही, पण थांबा." आमच्या सोसायट्यांचे असतात तसा त्यांच्या गल्लीचाही व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्यात तिने निरोप टाकला. मग आम्हाला न विचारता फ्लायचे (फळांचा गर भरलेल्या पसरट पोळीवजा केकचे) दोन तुकडे आणून ठेवले. जर्दाळूचा होता.

मी कोपऱ्यावरच्या दुकानातून घोट्यापर्यंत येणारे साधे कॅनव्हासचे बूट आणले. अप्पांनी घातले, उभे राहिले, दोन पावलं टाकली आणि बसले. दोन्ही तळ सारखे होते; त्यांचे पाय सारखे नव्हते.

"बस चुकेल," मी उगाचच म्हटलं.

"पुढची असते. आणि नसली तरी राहू दे."

गल्ली गोट्यांच्या फरसबंदीची, त्यामुळे आमचं टेबल डुगडुगत होतं. कॉफी सांडली. मालकीण आली, बीअरच्या ग्लासाखाली ठेवतात त्या जाड पुठ्ठ्याच्या तीन-चार चकत्या घेऊन वाकली आणि टेबलाच्या एका पायाखाली सारून गेली. टेबल गप्प झालं.

अप्पांनी वाकून त्या पायाखालच्या चकत्या निरखल्या.

"कंट्रोल केबिनमधलं माझं टेबल आठवतं तुला?"

"तिकिटांच्या गठ्ठ्यावर उभं असायचं ते?"

"रिटायर होईपर्यंत हललं नाही." मग ते स्वतःच उठले, मोज्यांवर, लंगडत, भर गल्लीतून कॅफेच्या दारापर्यंत गेले आणि आपल्या इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, मोअर. मेनी. अँड वन सिझर."

मालकिणीला काय कळलं कोण जाणे, पण तिने मूठभर चकत्या, कात्री आणि चिकटपट्टी आणून दिली. अप्पांनी टाचेच्या मापाने चकत्या कापल्या, एकावर एक रचून पट्टी गुंडाळली आणि उजव्या बुटात घातल्या. चालून बघितलं. एक कमी केली. पुन्हा चालून बघितलं. "बेल्जियमची बीअर आहे," वरच्या चकतीवरचं चित्र बघून ते म्हणाले. "तुझ्या आईला सांगू नको, पाय बीअरवर ठेवला म्हणून."

पुढची बस मिळाली. रस्ता चढत, वळत गुल्पेन गावावरून जातो. लाकडी चौकटींत पांढरी भिंत भरलेली जुनी घरं, सफरचंदांनी वाकलेल्या बागा, उतारावर गाई आणि शेतांच्या बांधांवर जागोजागी छोटे क्रूस, त्यांच्यापुढे ताजी फुलं. अप्पांनी ड्रायव्हरच्या मागची जागा धरली होती आणि प्रत्येक वळणाला ते नसलेला ब्रेक दाबत होते.

फाल्सला उतरलो. जंगलातून पायवाट वर जाते. मी म्हटलं, "सावकाश जाऊ." अप्पा म्हणाले, "तू ये सावकाश." मधे एकदा ते बीच नावाच्या एका उंच झाडाला टेकून थांबले. चकत्या सरकल्या होत्या. बूट काढून नीट बसवल्या. वरून उतरणारं एक म्हातारं जोडपं त्यांच्याकडे बघत गेलं. मी अप्पांकडे बघितलंच नाही. ते काय म्हणतील याची धास्ती होती. त्यांनी फक्त विचारलं, "अजून किती?"

शिखर काय सांगावं! फ्रेंच फ्राइजच्या गाड्या, मुलांचं खेळायचं मैदान, झोपाळे, पार्किंग. अप्पा कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "हाच?"

"हाच."

"अगं, आमच्या डेपोचा चढ याहून मोठा."

पण थोडं पुढे एक दगडी खांब आहे. तिथे नेदरलँड्स, जर्मनी आणि बेल्जियम अशा तिन्ही देशांच्या सीमा एकत्र येतात. खांबाभोवती माणसांची गर्दी, सगळे फोटो काढत होते. मी अप्पांना समजावून सांगितलं तसे ते खाली बसले आणि नाड्या सोडायला लागले.

"अप्पा, आता इथे कशाला? हे काही देऊळ नाही."

"तीन देश भांडण न करता एका जागी उभे आहेत. याहून काय पाहिजे?" बूट काढून त्यांनी माझ्या हातात दिले. "हे धर. खाली ठेवू नको."

आणि ते निघाले. स्तूपाला घालतात तशी, उजव्या हाताला खांब ठेवून. मोजेही काढले होते. खाली उंचवटा नाही, टेकू नाही. प्रत्येक पावलाला त्यांचा उजवा खांदा खाली जात होता. भर दुपारचं ऊन होतं, लोक थांबून बघत होते. एका जर्मन बाईने त्यांना वाट करून दिली. अप्पांनी तिला हात जोडले आणि पुढे गेले. हॉलंड, जर्मनी, बेल्जियम, पुन्हा हॉलंड. तीन फेऱ्या. मी बीअरच्या चकत्या भरलेला बूट छातीशी धरून उभी होते आणि रडत होते, हे इथे लिहून टाकते.

संध्याकाळी मास्त्रिख्तला परतलो तर कॅफेच्या काउंटरवर अप्पांचे बूट, पुसूनबिसून ठेवलेले. ती बाकफीट्सवाली बाई आणून देऊन गेली होती. घरी गेल्यावर एकाचा तळ जाड दिसला, असे बूट कोणी फुकट टाकत नाही, कोणीतरी अनवाणी उभं असणार, असं म्हणाली म्हणे. मांडणी मात्र तिने ठेवून घेतली. अप्पांचं म्हणणं, बरोबर केलं. परतीच्या गाडीत ते कॅनव्हासचेच बूट घालून बसले. जाड तळाचे पिशवीत, नाड्या बांधून, मांडीवर.

ते नाशिकला गेल्यालाही आता बरेच महिने झाले. माझ्या कामाच्या ठिकाणी कोणी लिम्बुर्खच्या डोंगरावर हसलं की मी त्या डोंगराची बाजू घेते.

परवा बुद्धपौर्णिमा झाली. रात्री आईचा फोन आला. "सकाळी केवढं ऊन होतं, मीच म्हटलं, यंदा राहू दे. ऐकतात कुठले! सगळ्यांच्या पुढे पायऱ्या चढले."

"आणि वर गेल्यावर?"

"वर काय, लेण्यापाशी बूट काढले आणि दिले माझ्या हातात. म्हणाले, हे धर, खाली ठेवू नको. आणि गेले की पुढे, सगळ्या लोकांदेखत."